अंतराळवीर वर राहतात म्हणजे नक्की कुठे आणि कसे राहतात?

अंतराळवीर वर गेले, सहा महिने राहिले, परत आले, अशा बातम्या आपण वाचतो, पण राहिले म्हणजे नक्की कुठे राहिले हे बऱ्याच जणांना नीट माहीत नसतं. ज्या यानातून गेले त्यातच एवढे दिवस बसून असतात का, की चंद्राच्या वाटेवर कुठे तळ वगैरे आहे, असे प्रश्न लोक खरंच विचारतात आणि विचारायलाच पाहिजेत. तर यान असतं ते मुख्यतः ने-आण करायला. राहायची जागा वेगळी, तिला स्पेस स्टेशन म्हणतात, आणि सध्या पृथ्वीभोवती माणसं राहतायत अशी दोनच स्टेशनं आहेत. एक अमेरिका, रशिया, युरोप, जपान आणि कॅनडा यांनी मिळून बांधलेलं इंटरनॅशनल स्पेस स्टेशन, ज्याला सगळे आयएसएस म्हणतात, आणि दुसरं चीनचं तियांगोंग. मी जास्त आयएसएसबद्दलच लिहिणार आहे, कारण ते मोठं आहे, जुनं आहे आणि त्याच्याबद्दलची माहिती बारीकसारीक तपशिलासकट उघड आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ते फार लांब नाहीये. जमिनीपासून वर साधारण ४०० किलोमीटर, बस्स. चंद्र त्याच्या जवळजवळ हजारपट लांब आहे. पण स्टेशन एका जागी थांबलेलं नसतं, तासाला साधारण २८,००० किलोमीटर वेगाने पळत असतं, म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर, आणि दीड तासाच्या आसपास पृथ्वीची एक चक्कर मारून होते. दिवसाला १५-१६ चकरा. म्हणून आतल्यांना २४ तासांत साधारण १६ सूर्योदय आणि १६ सूर्यास्त मिळतात. एवढ्या जवळ असल्यामुळे ते नुसत्या डोळ्यांनी दिसतंही, दुर्बीण वगैरे काही लागत नाही, फक्त वेळ बरोबर पाहिजे. अंधार पडल्यावर थोड्या वेळाने किंवा पहाट व्हायच्या आधी, जेव्हा आपल्याकडे काळोख असतो पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, तेव्हा ते एखाद्या खूप तेजस्वी चांदणीसारखं, न लुकलुकता, सरळ रेषेत आकाश पार करतं आणि चार-पाच मिनिटांत गायब होतं. विमानाचे दिवे उघडझाप करतात, याचा प्रकाश एकसारखा असतो, ओळखायची खूण ती. आपल्या भागात कधी दिसणार त्या वेळा नासा स्वतः देते.

आता सगळ्यात जास्त गैरसमज जिथे आहे त्या मुद्द्याकडे येतो. वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात असं सर्रास सांगितलं जातं आणि ते साफ चूक आहे. ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के शिल्लक असतं. समजा तेवढ्या उंचीचा मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवून तुम्ही उभे राहिलात, तर काटा फक्त दहा-बारा टक्के कमी दाखवेल, तुम्ही अजिबात तरंगणार नाही. पण त्याच मनोऱ्यावरून एक दगड आडवा फेकला तर तो पुढे जात जात खाली पडेल, अजून जोरात फेकला तर अजून लांब पडेल, आणि सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग दिला तर तो खाली पडत असताना पृथ्वीची गोल जमीनसुद्धा त्याच्याखालून तितकीच वळत जाईल, मग तो पडतच राहील पण जमिनीला लागणार कधीच नाही. स्टेशनचं तेच आहे. ते सतत पडतंय, आणि आतली माणसं, लॅपटॉप, पेन, पाण्याचे थेंब सगळेच त्याच्याबरोबर एकाच वेगाने पडतायत, म्हणून कोणी कशावर टेकत नाही आणि सगळं तरंगताना दिसतं.

हे नीट डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. जड वस्तू खाली बसते, गरम हवा वर जाते, पाणी उताराला वाहतं, उकळत्या पाण्यातून वाफ सुटून निघून जाते, ही सगळी कामं जमिनीवर वजनामुळे होतात आणि त्यासाठी आपल्याला बोटही हलवावं लागत नाही. स्टेशनवर यातलं एकही काम आपसूक होत नाही, प्रत्येकासाठी मशीन लागतं, ते मशीन चोवीस तास चालू लागतं आणि ते दुरुस्त करणारा माणूस लागतो. मला विचाराल तर स्पेस स्टेशन समजून घ्यायचं असेल तर हा एक धागा धरून ठेवावा, त्याचा आकार, त्याचं वजन, कोणी किती पैसे घातले हे सगळं नंतर.

तरी आकाराचं थोडक्यात सांगतो. आयएसएस एका रॉकेटने अख्खं वर नेलेलं नाही, तुकड्या तुकड्याने नेऊन वरच जोडलंय. पहिला तुकडा झार्या, रशियात बनलेला, २० नोव्हेंबर १९९८ ला गेला, दोन आठवड्यांनी अमेरिकेचा युनिटी गेला आणि दोन्ही एकमेकांना जोडले, मग रशियाचा झ्वेझ्दा, अमेरिकेची डेस्टिनी प्रयोगशाळा, युरोपची कोलंबस, जपानची किबो असं ते वाढत गेलं. २ नोव्हेंबर २००० ला बिल शेपर्ड, युरी गिदझेन्को आणि सर्गेई क्रिकालेव्ह हे तिघं तिथे राहायला गेले आणि त्या दिवसापासून आजपर्यंत ते कधीच रिकामं राहिलेलं नाही, माणसं बदलत राहिली पण कोणी ना कोणी आत आहेच. आज त्याचं वस्तुमान ४२० टनांच्या आसपास आहे, सोलर पॅनल धरून टोकापासून टोकापर्यंत १०९ मीटर. हवा भरलेली जागा साधारण १,००० घनमीटर, पण त्यातली बरीचशी यंत्रं आणि सामान खाऊन टाकतात, प्रत्यक्ष वावरायला ३८८ घनमीटर उरते, आणि त्यात बहुतेक वेळा सात माणसं.

आत गेल्यावर दिसतं काय, तर एकाला एक जोडलेल्या लांबट खोल्या आणि चारही बाजूंना कपाटासारखे रॅक. चारही बाजूंना म्हणजे भिंतींवर, छतावर आणि जमिनीवरसुद्धा, कारण तरंगणाऱ्या माणसाला यात काही फरकच नाही, छताला पाय अडकवूनही काम करता येतं. तरी माणसाच्या मेंदूला वर आणि खाली लागतंच, म्हणून दिवे मुद्दाम एकाच बाजूला लावलेत आणि पाट्यांवरची अक्षरंही एकाच दिशेने वाचायची, म्हणजे सगळ्यांचं छत एकच राहतं. जागोजागी पकडायला दांडे आहेत. काम करताना हात मोकळे लागतात म्हणून अंतराळवीर पायाची बोटं त्या दांड्याखाली अडकवून स्वतःला धरून ठेवतात, आणि महिने असे काढल्यावर तळपायाची कडक कातडी मऊ होऊन निघून जाते आणि पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या पाठीवर घट्टे पडतात. वजन नसणं म्हणजे काय हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसत असेल असं मला वाटत नाही.

आता हवा. आपण श्वास सोडतो तो गरम असतो, हलका असतो, त्यामुळे जमिनीवर तो चेहऱ्यापासून वर निघून जातो आणि जागी ताजी हवा येते, झोपेत पण. स्टेशनवर गरम हवा वर जात नाही कारण वर असं काही नाहीच. हवा हलवली नाही तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जाईल आणि डोकं दुखून जाग येईल. म्हणून पंखे. सगळ्या स्टेशनभर पंखे सतत हवा ढकलत असतात आणि त्यांची घरघर कधीच बंद होत नाही, शांतता म्हणजे काहीतरी बंद पडलंय असा अर्थ. या वाऱ्याचा एक फायदा असा झालाय की हातातून निसटलेली वस्तू, एखादा स्क्रू, पेनचं टोपण, औषधाची गोळी, हळूहळू वाहत जाऊन हवा आत ओढणाऱ्या जाळ्यांवर येऊन चिकटते, त्यामुळे काही हरवलं की अंतराळवीर आधी ती जाळी बघतात. आणि एवढं करूनसुद्धा स्टेशनच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जमिनीवरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, डोकेदुखीच्या तक्रारी खऱ्या आहेत.

ऑक्सिजन पाण्यातून काढतात. पाण्यातून वीज सोडली की ते फुटून ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळे होतात, ऑक्सिजन श्वासाला. उरलेला हायड्रोजन आणि माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड यांची रिॲक्शन घडवून परत पाणी बनवायचीही सोय आहे, त्यातून मिथेन निघतो तो बाहेर सोडून देतात. म्हणजे श्वासातला ऑक्सिजनसुद्धा काही प्रमाणात पाणी होऊन परत येतो. पाणी वर नेणं इतकं महाग आणि अवघड आहे की थेंबही सोडत नाहीत, घाम आणि श्वासातला ओलावा हवेतून पकडतात, आणि लघवी गोळा करून तिचं पिण्याचं पाणी करतात. कित्येकांना हे ऐकून किळस येते पण खरं सांगायचं तर बाहेर पडणारं पाणी स्वच्छतेच्या बाबतीत खूप कडक कसोटीतून जातं, आणि तसंही पृथ्वीवरचं सगळं पाणी असंच फिरत आलंय, फक्त ते काम समुद्र, ढग आणि जमीन करतात.

ते मशीन चालतं कसं हे बघण्यासारखं आहे. जमिनीवर पाणी उकळलं की वाफ वर जाते, गाळ खाली राहतो, झालं शुद्ध पाणी. तिथे उकळलं तर वाफ पाण्यातच बुडबुडे होऊन राहील, वेगळी होणारच नाही. म्हणून लघवी एका फिरत्या ड्रममध्ये घालतात, ड्रम गरगर फिरतो, द्रव कडेला फेकला जातो, वाफ मध्ये राहते, तिथून ती ओढून थंड करतात. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं काम ड्रम करतो. ही यंत्रणा स्टेशनवर आली आणि २००९ मध्ये तिचा हा वाफ वेगळी करायचा भागच तुंबून बंद पडला. जमिनीवरच्या चाचण्यांत असं झालं नव्हतं. उघडून तपासलं तर आत कॅल्शियम सल्फेटचा थर, आणि तो आला कुठून तर अंतराळवीरांच्या हाडांतून! वजन पेलायचं काम नसल्यामुळे तिथे हाडं झिजतात, त्यातलं कॅल्शियम लघवीतून बाहेर पडतं, आणि जमिनीवर राहणाऱ्या माणसांच्या लघवीवर चाचण्या केलेल्या मशीनमध्ये एवढं कॅल्शियम अपेक्षितच नव्हतं. त्यात लघवी टिकवायला जे सल्फ्युरिक ॲसिड वापरायचे त्यातलं सल्फेट आणि हे कॅल्शियम जुळून खडा तयार व्हायचा. मग काही वर्षं पाणी कमी काढून भागवलं आणि पुढे ॲसिडच बदललं, फॉस्फोरिक घेतलं, तेव्हा प्रश्न सुटला. २०२३ मध्ये नासाने सांगितलं की आता एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवता येतं. मला स्वतःला अख्ख्या स्टेशनमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, माणसाचं शरीर आणि भिंतीतलं मशीन एकाच साखळीत आहेत हे त्यात इतकं ढळढळीत दिसतं.

टॉयलेटबद्दल लोकांना उत्सुकता असते म्हणून सांगतो, तत्त्व तेच, जे खाली पडत नाही ते हवेने ओढायचं. लघवीसाठी पाइपला जोडलेलं नरसाळं, शौचासाठी छोटं सीट आणि खाली पिशवी, पंखा चालू केला की हवा आत खेचते. घन मैला डब्यात बंद करून ठेवतात आणि मालवाहू यानात भरून देतात, ते यान कचऱ्यासकट वातावरणात शिरून जळून जातं. कपड्यांचंही तसंच, वॉशिंग मशीन नाही, वापरायचे तेवढे दिवस वापरायचे आणि मग कचऱ्यात. आंघोळ नाही, ओल्या टॉवेलने अंग पुसायचं आणि धुवावा न लागणारा शाम्पू लावायचा, कारण तिथे पाणी अंगावरून ओघळत नाही, कातडीला गोळा होऊन चिकटून बसतं. जेवण बरंचसं सुकवलेलं किंवा पाकिटात निर्जंतुक केलेलं, गरम पाणी घालून खायचं, आणि ज्याचा भुगा पडतो ते पदार्थ टाळायचे कारण भुगा डोळ्यात आणि यंत्रात जातो. मीठ आणि मिरीसुद्धा पातळ स्वरूपात.

झोपायला प्रत्येकाला एक छोटी केबिन, एक माणूस उभा राहील एवढी. चार केबिन हार्मनी नावाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे स्टेशनच्या एका तुकड्यात, एकमेकांसमोर गोलाकार आहेत, म्हणजे एक डावीकडे, एक उजवीकडे, एक छतात आणि एक जमिनीत, दोन रशियाच्या झ्वेझ्दामध्ये आणि बाकी इतरत्र. आत भिंतीला बांधलेली स्लीपिंग बॅग, लॅपटॉप, घरच्यांचे फोटो, आणि हवेचा झोत, तो महत्त्वाचा. बांधून घेतलं नाही तर झोपेत माणूस वाहत जाऊन कशावर तरी आपटेल. हात मोकळे राहिले तर ते समोर तरंगत राहतात. बाहेर दीड तासाला दिवस-रात्र होत असली तरी घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर, सकाळी सहाच्या सुमारास उठायचं आणि रात्री साडेनऊला झोपायचं, आणि दिव्यांचा रंगही वेळेप्रमाणे बदलता येतो, म्हणजे झोपायच्या आधी निळसर प्रकाश कमी.

हाडांचं वर आलंच. व्यायाम केला नाही तर महिन्याला हाडांचं खनिज एक ते दीड टक्का कमी होतं, स्नायूही आटतात, म्हणून रोज साधारण दोन तास व्यायाम सक्तीचा. पण डंबेलला वजनच नाही, मग करणार काय? तर एआरईडी नावाचं मशीन आहे, त्यात दांडा ढकलायचा आणि तो दांडा निर्वात सिलिंडरमधल्या पिस्टनला जोडलेला, त्याला ओढताना खरंखुरं जड लागतं, त्यावर स्क्वॉट आणि डेडलिफ्ट दोन्ही होतात. ट्रेडमिलवर धावताना खांद्याला आणि कमरेला पट्टे बांधून माणसाला खाली ओढून धरतात, नाहीतर पहिल्या पावलालाच तो उडून जाईल. आणि ही दोन्ही यंत्रं स्टेशनला घट्ट ठोकलेली नाहीत, स्प्रिंग आणि डँपरवर बसवलीत, कारण एक माणूस धावला की त्याची थरथर अख्ख्या सांगाड्यात जाते आणि नाजूक प्रयोग बिघडतात. त्याशिवाय शरीरातला द्रव पायांकडून डोक्याकडे सरकतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय बारीक होतात, नाक चोंदल्यासारखं राहतं त्यामुळे चवही कमी लागते, पाठीचा कणा ताणून उंची तात्पुरती काही सेंटीमीटर वाढते, आणि काही जणांच्या डोळ्यांच्या मागच्या भागात बदल होऊन नजर बिघडते. या शेवटच्या गोष्टीवर अजून पक्का उपाय नाही आणि लांबच्या प्रवासांच्या दृष्टीने मला ती सगळ्यात काळजीची वाटते.

वीज सोलर पॅनलची, सावलीत गेल्यावर बॅटऱ्या. पण लोक ज्याचा विचार करत नाहीत ती गोष्ट म्हणजे उष्णता. बाहेर निर्वात, त्यामुळे आतली यंत्रं आणि माणसं जी उष्णता सोडतात ती वाऱ्याने उडून जात नाही, ती मुद्दाम बाहेर नेऊन फेकावी लागते. आत पाण्याचे पाइप उष्णता गोळा करतात, ती बाहेरच्या पाइपांतल्या अमोनियाला देतात, आणि अमोनिया मोठ्या पांढऱ्या पॅनलांमधून फिरतो तिथून ती अवकाशात निघून जाते. बाहेर पाणी का नाही, तर ते गोठेल. आणि आत अमोनिया का नाही, तर तो विषारी आहे, गळला तर माणसं मरतील.

धोके खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टेशनला जोडलेल्या रशियाच्या सोयूझ यानात सुमारे दोन मिलिमीटरचं भोक सापडलं, हवेचा दाब किंचित कमी होताना दिसला म्हणून शोधलं, आधी टेप आणि मग इपॉक्सी नावाचा कडक होणारा गोंद लावून ते बंद केलं. जुलै २०१३ मध्ये इटलीचा अंतराळवीर लुका परमितानो बाहेर स्पेसवॉक करत असताना त्याच्या हेल्मेटमध्ये पाणी शिरलं, लिटरभर तरी, आणि ते खाली ओघळायच्या ऐवजी डोक्यामागून पुढे येऊन डोळ्यांवर आणि नाकावर चढलं, त्याला नीट दिसेना की ऐकू येईना, सेफ्टी दोराच्या आधाराने तो चाचपडत दारापर्यंत आला म्हणून वाचला. डिसेंबर २०२२ मध्ये एका सोयूझमधलं कूलिंगचं द्रव गळून गेलं, त्या यानातून परतणं धोक्याचं झालं, दुसरं यान रिकामं पाठवावं लागलं आणि त्यात अमेरिकेच्या फ्रँक रुबिओचा सहा महिन्यांचा मुक्काम ३७१ दिवसांचा झाला. म्हणूनच नियम असा की वर जितकी माणसं तितक्यांच्या परतीच्या जागा जोडलेल्या यानांत कायम तयार पाहिजेत. आगीचंही वेगळं आहे, तिथे ज्योत वर जात नाही, गोल राहते, आणि पंख्यांच्या वाऱ्याने पसरते, म्हणून धूर दिसला की आधी पंखे बंद. आणि अवकाशातला कचरा, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारे धातूचे तुकडे. छोट्यांसाठी बाहेरून पातळ पत्र्याचं आणि आत थोडं अंतर सोडून जाड असं दुहेरी कवच, तुकडा पहिल्या पत्र्यावरच फुटून विखुरतो. मोठा तुकडा जवळून जाणार असं आधी कळलं तर इंजिन चालवून अख्खं स्टेशनच थोडं बाजूला घेतात. तसंही तिथे अगदी विरळ हवा असतेच, ती स्टेशनला हळूहळू खाली ओढते, त्यामुळे अधूनमधून त्याला वर ढकलावंच लागतं.

एवढं सगळं करून माणसं तिथे करतात काय? प्रयोग, आणि दुरुस्ती. दुरुस्तीत जाणारा वेळ बाहेरच्या लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप जास्त असतो. मोकळ्या वेळात बरेच जण क्युपोला नावाच्या सात खिडक्यांच्या घुमटात जाऊन पृथ्वी बघत बसतात, इंटरनेट आणि फोनही आहे, तिथून थेट घरी फोन लावता येतो.

आयएसएसच्या आधीही घरं होती. सोव्हिएत संघाचं साल्युत १ हे पहिलं, एप्रिल १९७१, आणि तिथे २३ दिवस राहिलेले तिघंही परतताना यानातली हवा निघून गेल्यामुळे मरण पावले. अमेरिकेचं स्कायलॅब १९७३ चं, त्यात गुंडाळून ठेवता येणारा शॉवरसुद्धा होता. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये गेले ते साल्युत ७ वर, आणि शुभांशू शुक्ला जून २०२५ मध्ये आयएसएसवर, मध्ये ४१ वर्षं. मीर हे सोव्हिएत संघाचं आणि नंतर रशियाचं स्टेशन १९८६ ते २००१ चालवलं, तिथे व्हॅलेरी पोल्याकोव्ह सलग ४३७ दिवस राहिले आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. चीनचं तियांगोंग एप्रिल २०२१ पासून बांधलं, तीन मॉड्यूलचं, एका वेळी तीन माणसं सहा महिने राहतात आणि बदलीच्या वेळी काही दिवस सहा. ते आयएसएसपेक्षा बरंच छोटं आहे पण नवं आहे, आणि त्यातही यानाच्या भरवशाचा प्रश्न येतोच: नोव्हेंबर २०२५ मध्ये परतीच्या यानाच्या खिडकीला तडे गेलेले आढळले म्हणून तिथल्या तिघांना नव्या टीमच्या यानातून खाली यावं लागलं आणि मागे राहिलेल्यांसाठी आणखी एक यान रिकामं पाठवलं.

आयएसएस आता म्हातारं झालंय. झ्वेझ्दाच्या एका टोकाच्या बोळातून काही वर्षं हवा थोडी थोडी गळत होती. २०३० पर्यंत ते चालवायचं आणि मग पाडायचं असं ठरलंय, त्यासाठी एक खास यान बनवायचं काम नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. ते यान स्टेशनला जोडलं जाऊन त्याचा वेग कमी करेल, बरंचसं वातावरणात जळेल आणि उरलेलं दक्षिण पॅसिफिकच्या निर्जन भागात पडेल. ते उंच कक्षेत ढकलून जपून का ठेवत नाहीत असं अनेकांना वाटतं, मलाही वाटायचं, पण ४२० टन वर ढकलायला प्रचंड इंधन लागेल आणि वरच्या कक्षांत कचऱ्याची टक्कर व्हायचा धोका जास्त, आणि तसं काही झालं तर त्याचे तुकडे पिढ्यान् पिढ्या फिरत राहतील.

पुढे काय, तर अमेरिकेत खाजगी कंपन्या स्वतःची स्टेशनं बांधायच्या तयारीत आहेत आणि नासा तिथे भाडेकरू म्हणून जाणार. इस्रोनेही भारतीय अंतरिक्ष स्थानकाचं पहिलं मॉड्यूल २०२८ मध्ये आणि पूर्ण स्टेशन २०३५ पर्यंत असं लक्ष्य ठेवलंय. माझी काळजी एवढीच की जुनं पाडायच्या आधी नवं नीट चालू झालेलं असावं, कारण तो फिरता ड्रम, ते पंखे, ती अमोनियाची लाइन यांत काय काय बिघडतं हे वर माणसं राहिल्यावरच कळतं, आणि मंगळाला जायचं असेल तर वाटेत सुटे भाग घेऊन येणारं मालवाहू यान नसणार.